समुद्र उजव्या हाताला

“समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि चालत सुटायचं,” बशीतला चहा संपवून बापूकाकांनी जाहीर केलं. “शेळणे ते वाघबंदर. चुकायचं ठरवलं तरी माणूस चुकायचा नाही. एवढं पाणी उजवीकडे पसरलेलं असताना चुकणार कुठे? डोळे मिटून नेतो वयनीला.”

“डोळे मिटून नको नेव,” नमूकाकी, म्हणजे त्यांची ही वयनी, आतून म्हणाली. “उघडे ठेव. माका थंय पोचाचा आसा.”

बापूकाका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले होते. जिल्ह्यातला एकही फाटा, एकही पार, एकही चहाची टपरी त्यांना अनोळखी नव्हती. ते सगळं त्यांनी चाकांवरून पाहिलं होतं, एवढंच. घरापासून दुकानापर्यंत जायचं झालं तरी ते माझ्या सायकलवर मागे बसायचे आणि उतरताना सवयीने सीटवर दोनदा टिचकी मारायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वाट पाहून यायला निघालो. समुद्र उजव्या हाताला होता. बापूकाका पुढे, मी मागे. किनाऱ्याने गेलो, सुरूच्या बनातून गेलो, पुढे जरा वळलो, पाणी उजवीकडेच. “बघितलंस?” बापूकाका मधूनमधून म्हणत होते. थोड्या वेळाने लाटा बंद झाल्या. “वारा पडला,” बापूकाका म्हणाले. मग पलीकडे माड दिसायला लागले. “बेट असणार.” मग पाण्यात म्हशी बसलेल्या दिसल्या. बापूकाकांनी चालण्याचा वेग वाढवला. पाणी अरुंद होत होत वहाळाएवढं झालं, वहाळाचा पाट झाला, आणि एका पोफळीच्या बागेत एका काळ्या पाइपाशी समुद्र संपला.

पाइपाजवळ एक माणूस झाडांना पाणी लावत होता.

“वाघबंदर किती राहिलं?” बापूकाकांनी विचारलं.

“वाघबंदर?” तो आमच्याकडे बघतच राहिला. “ही तर शेळण्याची मागची वाडी. तुमी बापू कंडक्टर मां?”

खाडी मध्ये येते हे बापूकाकांना माहीत होतं. कोकणात कोणाला माहीत नसतं? पण त्यांच्या आयुष्यात खाडी नेहमी पुलाखाली आली होती. समोर आडवी कधी आली नव्हती.

घरी आलो तर काकी ओट्यावर वाट बघत बसलेली.

“काय रे? मिळाली वाट?”

“शोध चालू आहे,” बापूकाका म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

हसू येतं आता, पण काकीसाठी हा हसण्यावारी न्यायचा मामला नव्हता. वाघबंदर म्हणजे तिचं माहेर. धाकटी बहीण सुंदर गावातल्या गावातच दिलेली, तिचं घर तिथेच. दहा-बारा वर्षांपूर्वी सुंदरमावशीच्या मुलीच्या लग्नाला काकी जीपने गेली. जीप सुहासने पाठवली होती. सुहास म्हणजे काकीचा मुलगा, बडोद्याला असतो. काकी मांडवाच्या दारात जीपमधून उतरली आणि सुंदरमावशी सगळ्यांदेखत म्हणाली, “आमची नमू आता जमिनीर पाय टेकवत नाय हां! पायांका माती लागता.”

काकी म्हणाली, “बरा. आता येतलंय तर चलत येतलंय. नायतर येवचंय नाय.”

मांडवातली माणसं हसली, वरमाय हसली, भटजीसुद्धा हसले. दोघी बहिणी तेवढ्या हसल्या नाहीत. तेव्हापासून ना ही तिकडे गेली, ना ती इकडे आली. एसटी वाघबंदरला सुंदरमावशीच्या दारात थांबते. काकी त्या एसटीकडे पाठ करून उभी राहायची. आणि त्या वर्षी सुहासचा निरोप आला की शिमग्याआधी आईला कायमची बडोद्याला नेतो. काकी सत्तरीच्या पलीकडे. एकदा बडोद्याला गेली की पुन्हा कुठली वाघबंदरला चालत येतेय? म्हणजे जायचं तर माघातच. नाहीतर राहिलंच.

“एसटीने जाऊन फाट्यावर उतर आणि तिथून चाल,” मी एकदा सुचवून बघितलं. “कोणाला कळणारेय?”

“माका कळताला मां,” काकी म्हणाली.

खरी वाट शेवटी तरीवाल्याकडून कळली. होडीने खाडी ओलांडायची, पलीकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, चढायचं, सड्यावरून खाली पुळणीवर उतरायचं. मग घोडतोंड. घोडतोंड म्हणजे समुद्रात घुसलेला काळ्या कातळाचा डोंगर, लांबून पाणी पिणाऱ्या घोड्यासारखा दिसतो. मोठी ओहोटी असेल तेव्हाच त्याच्या पायथ्याशी वाळू उघडी पडते. तेवढ्या वेळात वळसा घालून निघालं की समोर वाघबंदर.

“पुनवेक सुकती मोठी,” काकी म्हणाली. “मी नवरी होऊन इलंय तेव्हापण पुनवच होती. वैशाखातली. सगळा वऱ्हाड त्याच वाटेन चलत इला. कोरड्या वाळूतसून. पायाचा अळता नाय भिजलो माझो.”

म्हणजे माघी पौर्णिमा. ठरलं. बापूकाकांनी लगेच वेळापत्रक केलं. त्यात शेळणे होतं, होडीची तर होती, सडा होता, घोडतोंड होतं आणि वाघबंदर होतं. प्रत्येक ठिकाणी ‘आगमन’ आणि ‘प्रस्थान’ होतं. एका वडाखाली ‘विनंती थांबा’ होता.

“माघी पुनव म्हणजे वार कोणता?” प्रभावहिनीने विचारलं. प्रभावहिनी बापूकाकांची सून. डबा तिच्याकडे होता, म्हणजे खरं तर सगळी मोहीम तिच्याकडे होती.

“सोमवार.”

आमच्या घरात देवाधर्माचं फारसं कोणी करत नसे, पण सोमवारी मासे खाणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्माला यायचा होता.

“सोमवारी शिवराक,” वहिनी म्हणाली.

“म्हणजे दिवसभर उन्हातून चालायचं,” बापूकाका सावकाश म्हणाले, “आणि समुद्राकडे तोंड करून बटाट्याची भाजी खायची?”

“मासे समोर पोहत असताना,” मी म्हणालो.

“माहेराक जातंय मी,” काकी म्हणाली. “काय तोंडान बटाटो खाऊन जाऊ?”

सोमवार बाद झाला. मंगळवार बापूकाकांचा गणपतीचा. बुधवारी मासे चालले असते, पण त्या बुधवारी वहिनीच्या वडलांचं वर्षश्राद्ध होतं. गुरुवारी दत्त. शुक्रवारी संकष्टी येत होती, ती काकी धरायची. शनिवारी मारुती. तो आमच्यापैकी कोणाचाच नव्हता, पण आठवडाभर एवढं पाळल्यावर त्यालाच वगळणं कोणाला बरं वाटेना. अशा रीतीने सगळ्या देवांना वळसा घालून आम्ही रविवारवर आलो.

“रविवार बेस्ट,” बापूकाका म्हणाले. “आणि बघा, पुनवेची ओहोटी पहाटे. तेव्हा आपण अजून दात घासत असणार. षष्ठीची ओहोटी दहाच्या सुमाराला. बरोबर घोडतोंडावर पोचायची वेळ. कनेक्शन जुळतंय.”

पुनवेनंतर ओहोटी दिवसेंदिवस लहान होत जाते, षष्ठीला पाणी जेमतेम मागे सरतं, हे समुद्रकाठी जन्म काढलेल्या आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. मी तर तोंडसुद्धा उघडलं होतं. पण तेवढ्यात वहिनीने विचारलं, “बांगडे नुसते तळू की भरून तळू?” आणि समुद्राचा विषय तिथेच मागे पडला. भरून, असं एकमताने ठरलं.

मधल्या दिवसांत काकीची तयारी चालू होती. सुहासने तिला कधीतरी बडोद्याहून पांढरे बूट पाठवले होते, ते तिने माळ्यावरून काढले. ते कडक झाले होते, म्हणून तिने त्यांना खोबरेल तेल चोळलं. तरी कडक वाटले म्हणून रात्रभर तेलात बुडवून ठेवले. सकाळी बूट इतके मऊ आणि इतके खमंग झाले होते की शेजारच्यांच्या कुत्र्याने डावा बूट उचलला आणि माडाखाली बसून शांतपणे खाल्ला. आम्ही लांबून बघत होतो. त्याला हाकलायला गेलेल्या बापूकाकांवर तो असा काही गुरगुरला की उजवा बूटही आम्ही त्यालाच देऊन टाकला.

“बरा झाला,” काकी म्हणाली. “नवरी इलंय तेव्हा खंय होते बूट?”

रविवारी उजाडता उजाडता आम्ही चौघं निघालो. काकीने नऊवारीचा काष्टा गुडघ्यापर्यंत ओढून घट्ट खोचला होता, पायांत साध्या चपला, डोक्यावर टॉवेल, हातात सुंदरमावशीसाठी ओल्या काजूंची पिशवी. बापूकाकांनी इस्त्रीची पांढरी टोपी घातली होती. वहिनीच्या डोक्यावर डबा होता आणि त्याचा वास आमच्या पुढे चालला होता.

होडीत बसल्यावर बापूकाकांनी काठावर दोनदा टिचकी मारली. तरीवाल्याने वल्हं उचललं. मला वाटतं त्या सकाळी बापूकाकांच्या इशाऱ्यावर घडलेली तेवढी एकच गोष्ट.

सड्यावर चढलो आणि मी जागीच थांबलो. मी त्याच तालुक्यात जन्मलो, वाढलो, पण समुद्र पाहिला होता तो नेहमी खालून, किनाऱ्यावरून, एखाद्या शेजाऱ्यासारखा. वरून कधी पाहिला नव्हता. वाळलेलं गवत पार कड्यापर्यंत गेलेलं, सोन्यासारखं, आणि त्याच्या टोकाला जमीन एकदम संपलेली. खाली निळं. नुसतं निळं नाही, काठाला हिरवट, मग निळं, मग जांभळं, मग आभाळ कुठे सुरू होतं ते कळूच नये असं. एक मोठा पांढरा गरुड आमच्या पायांच्या खाली उडत होता. पक्ष्याची पाठ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

“बापू,” काकी म्हणाली, “ह्या सगळा हयच होता?”

“इथेच होतं वयनी.”

“आणि आमी गाडयेसून फिरत होतंव.”

बापूकाकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. ‘सडा, प्रस्थान’ ची वेळ टळून गेली तरी त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

पुळणीवर उतरून घोडतोंडाशी पोचलो. ओहोटी होती. वेळापत्रकाप्रमाणे अगदी वेळेवर होती. पण घोडतोंडाच्या पायथ्याशी वाळू नव्हती. पाणी होतं. कंबरभर, आणि दर लाटेला गळ्याएवढं.

“अजून जाईल,” बापूकाका म्हणाले.

आम्ही दगडावर बसलो. पाणी काही जाईना.

“ड्रायव्हर आला नसेल,” मी म्हणालो.

“गप रे अच्युत.”

बसल्याबसल्या डबा उघडला. काय सांगू, बांगडे सुंदर झाले होते. बापूकाकांनी एक हातात धरला, समुद्राकडे रागाने बघत त्याला म्हणाले, “हां, चला, आटपा आता,” आणि वरून एक घार अशी आली की वाऱ्याचा नुसता झपकारा कळला. हातात फक्त शेपूट राहिलं. बापूकाका बराच वेळ त्या शेपटाकडे बघत होते.

“बाबा, दुसरो देऊ?” वहिनीने विचारलं.

“नको,” बापूकाका म्हणाले. “पाणी वाढतंय.”

खरंच वाढत होतं. मघाशी कोरडा असलेला दगड आता भिजला होता. भरती लागली होती. षष्ठीची ओहोटी आम्ही जेवताना येऊन, आम्हाला बघून, परतसुद्धा गेली होती.

“पुनवेक येवक व्हया होता,” वहिनी हळूच म्हणाली. तळलेल्या बांगड्यांकडे कोणी बघेना.

बापूकाका उठले, धोतर झटकलं आणि तिकीट परत देताना बोलावं तशा आवाजात म्हणाले, “वयनी, गाडी रद्द. परत जाऊया. तुम्ही एवढं आलात, सुंदरीला सांगू आपण. अमावास्येला पुन्हा बघू.”

“अमावास्येक सुहास येतलो न्हेवक,” काकी म्हणाली.

काकी उठली. मला वाटलं परत फिरतेय. तिने चपला काढल्या, काजूंच्या पिशवीत घातल्या, पिशवीचा बंद गळ्यात अडकवला, काष्टा आणखी वर खोचला आणि घोडतोंडाच्या कातळाला दोन्ही हात लावले.

“काकी! कुठे?”

“वर.”

“वाट आहे का वर?”

“माका काय म्हायत? बकरी जातत तर मी जातलंय.”

ती चढायलाच लागली. हातापायांवर. सत्तरी ओलांडलेली बाई, आणि कातळ तापायला लागलेला. मी तिच्या मागे लागलो, पडली तर झेलावी म्हणून. प्रत्यक्षात घसरलो मी, आणि तिने एका हाताने माझी कॉलर धरून ठेवली. मागून वहिनी डब्यासकट, आणि सगळ्यात शेवटी बापूकाका, “सावकाश, सावकाश, पुढे सरकत राहा,” असं स्वतःलाच सांगत.

वर पोचलो आणि आधी आवाज ऐकला.

कोणीतरी झोपलं होतं. खूप मोठं कोणीतरी. श्वास आत जायचा, लांब, घरघरत, आणि थांबायचा. मग बाहेर यायचा.

“वाघ,” वहिनी म्हणाली.

“वाघ घोरत नाही,” बापूकाका म्हणाले, पण माझ्या मागे उभे राहून.

समोर कातळाच्या सपाटीवर एक भोक होतं. सूप मावेल एवढं, गोल, काठ गुळगुळीत झालेले. त्याच्या भोवतीचं गवत आम्ही बघत असतानाच आत वाकलं, सगळं एकाच वेळी, जणू कोणी आतून ओढलं. आवाज थांबला. मग गवत उलट बाहेर पडलं, आतून गार वारा आला, खारट, अंधाराचा वास असलेला, आणि पायाखालचा अख्खा डोंगर हलका थरथरला.

डोंगर श्वास घेत होता. त्याला दुसरा शब्द मला तेव्हाही सापडला नाही आणि आजही सापडलेला नाही.

आम्ही जवळ गेलो. कोणी कोणाला चला म्हणालं नाही. बापूकाका सगळ्यात पुढे, गुडघ्यांवर बसले आणि भोकात डोकावले. तेवढ्यात डोंगराने श्वास आत घेतला. टोपी गेली. गेली म्हणजे उडाली नाही, पडली नाही, सरळ गिळली गेली.

“अगो बाय!” वहिनी ओरडली.

बापूकाका तसेच बसून राहिले. त्यांचं टक्कल उन्हात चकाकत होतं. एक श्वास गेला. दुसरा गेला. प्रत्येक श्वासाबरोबर आवाज मोठा होत होता, कारण खाली भरती चढत होती. मग एक श्वास आत गेला तो जातच राहिला. गवत सपाट झालं. काकीने माझा दंड धरला. आणि त्या भोकातून समुद्र वर आला.

माडाएवढा वर. पांढराशुभ्र, सरळ, गर्जत. आभाळात जाऊन फुटला आणि त्याच्या कडेने अख्खं इंद्रधनुष्य उभं राहिलं, एवढं जवळ की हात घालावा. त्याच्या अगदी टोकावर, सगळ्यांच्या वर, बापूकाकांची टोपी होती. ती क्षणभर तिथेच राहिली. मग वाऱ्याने घेतली आणि कड्यापलीकडे अरबी समुद्रात नेऊन टाकली. मग ते सगळं पाणी आमच्यावर पडलं.

बापूकाका चिंब होऊन उठले आणि त्यांनी हात जोडले. मी त्यांना देवळातही असे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

काकी मात्र बघत होती ते पाण्याकडे नाही, भोकाकडे.

“खालसून गेलंय मी,” ती म्हणाली.

“काय?”

“नवरी होऊन इलंय तेव्हा. पुनवेक. खाली गुहा होती, तिच्या तोंडासमोरसून. कोरडी होती. माका वाटला, नुसतो डोंगर. आमचो भाऊ म्हणालो, चल गो नमू, मागे बघू नको.” तिने खाली कातळाकडे बोट केलं. “ह्याच्या पोटाखालसून इलंय मी रे अच्युत. आणि वर ह्या आसा, म्हणून माका कोणी सांगूक नाय.”

“पुनवेला आलो असतो तर आजही खालूनच गेलो असतो,” मी म्हणालो.

“सुकी वाळू,” काकी म्हणाली.

ती भोकाजवळ बसली. डोंगराचा श्वास तिच्या तोंडावर येत होता, पांढरे केस उडत होते, परत बसत होते. बराच वेळ ती तशीच होती. वहिनी घाबरून म्हणाली, “काकी, उठा, परत येतला पाणी.” काकीने ऐकलं नाही. ती वाकली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्या भोकात, खाली अंधारात, जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडली,

“सुंदरीऽऽऽ गोऽऽऽ! चलत इलंय गोऽऽऽ!”

आत श्वास गेला. तिची हाक घेऊन गेला. थांबला. आम्ही चौघंही थांबलो. खरं सांगतो, मी उत्तराची वाट बघत होतो.

उत्तर आलं. माडाएवढं. काकी न्हाऊन निघाली, काष्ट्यापासून केसांपर्यंत, आणि हसत होती. तोंडात पाणी गेलं होतं, ठसका लागत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं की तो समुद्रच होता ते कळत नव्हतं, आणि हसत होती. दहा-बारा वर्षांत मी तिला वाघबंदराचं नाव काढून हसताना पाहिलं नव्हतं.

“बघितलंस बापू?” ती म्हणाली. “माझ्यापेक्षा मोठ्यान वराडता.”

पलीकडच्या उतारावर बकऱ्यांची वाट सापडली. तिथून वाघबंदर दिसत होतं. माड, कौलं, एसटीचा थांबा, थांब्यासमोर सुंदरमावशीचं घर. काकी एवढी झपाझप उतरली की आम्हाला मागे टाकलं. मधे एकदा थांबली ती काजूंची पिशवी पिळायला. बापूकाका वाटभर अधूनमधून मागे वळून बघत होते. एकदा मला म्हणाले, “अच्युत, तीस वर्षं मी ह्या डोंगराच्या पाठीमागून गाडी नेली रे. दिवसातून दोनदा. आणि लोकांना सांगत होतो, पुढे काही नाही, सगळे इथेच उतरा.”

गावात शिरलो तेव्हा काकीने पायांकडे बघितलं. अनवाणी होती. लाल माती, वाळू, कातळाची काळी धूळ, सगळं घोट्यापर्यंत माखलेलं. वहिनी म्हणाली, “काकी, विहिरीर पाय धुवन घेया?”

“खबरदार,” काकी म्हणाली. “असेच दाखवूचे आसत तिका.”

आणि ती तशीच, मातीचे पाय घेऊन, सुंदरमावशीच्या अंगणात जाऊन उभी राहिली. शेजारच्या अंगणात एक म्हातारी कुळीथ पाखडत होती. तिचं सूप हवेतच राहिलं.

“नमू? तू नमू गो?”

“होय.”

“अशी भिजलंस कशी? आणि इलंस कशी?”

“चलत,” काकी म्हणाली. एकच शब्द, पण असा म्हणाली की अख्ख्या गावाला ऐकू जावा. “सुंदरीक हाक मार.”

म्हातारीने सूप खाली ठेवलं.

“सुंदरी खंय आसा? काल बाजारात तिका कोणीतरी सांगल्यान, नमू कायमची बडोद्याक चल्ली म्हणान. रात्रभर रडत होती. सकाळच्या पयल्या एसटीन शेळण्याक गेली मां ती, तुका भेटाक.”

सुंदरमावशीच्या दाराला कुलूप होतं. शेळण्याला आम्हीही कुलूप लावून आलो होतो, आणि चावी प्रभावहिनीच्या डब्यात होती.